विमानतळावर खोबरे अडवले आणि पॉवर बँक मात्र हातात दिली: यामागचा नियम काय?

पुणेरी_प्रवासी यांचा प्रश्न

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणासाठी मी आणि माझे यजमान विमानाने बंगळुरूला गेलो. ओटीचे सामान सासूबाईंनी स्वतः बांधून दिले होते. त्यात तांदूळ, खण, हळकुंडे, सुपाऱ्या, खारका, खोबऱ्याच्या सहा वाट्या आणि आरतीसाठी कापराची एक डबी होती. हे सगळे चेक-इनच्या बॅगेत भरले होते. बॅगा काउंटरवर देऊन आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिलो आणि तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला. बॅगा तपासण्याच्या खोलीत गेले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने स्कॅनरच्या पडद्यावर दोन जागांवर बोट ठेवले आणि बॅग मलाच उघडायला सांगितली. पहिली जागा खोबऱ्याच्या वाट्यांची होती, तर दुसऱ्या जागी यजमानांनी कपड्यांच्या घडीत ठेवलेली पॉवर बँक होती.

पुढे जे घडले ते मला अजून नीट उमगलेले नाही. खोबरे आणि कापूर धोकादायक आहेत असे सांगून ते तिथल्या एका टबमध्ये काढून ठेवायला लावले. पॉवर बँकही धोकादायक आहे असेच सांगितले, पण ती माझ्या हातात देऊन "ही बॅगेत नको, आत स्वतःजवळ ठेवा" अशी सूचना केली. आगीचे कारण दोन्हींना एकच असताना एक वस्तू विमानाबाहेर राहते आणि दुसरी थेट माणसे बसतात तिथे जाते, हे कसे? मग खोबरेही हँडबॅगेत नेऊ का, असे विचारले तर तेही चालणार नाही म्हणाले. कारण विचारल्यावर "नियम आहे, मॅडम" यापलीकडे उत्तर मिळाले नाही, आणि विमानाची वेळ होत आल्याने मीही वाद घातला नाही.

मी तक्रार करण्यासाठी लिहीत नाही. मात्र ज्या खोबऱ्याने आपल्या घरात पिढ्यानपिढ्या ओट्या भरल्या जातात, जे स्वयंपाकघरात चुलीपासून हातभर अंतरावर वर्षभर पडून असते, त्यात असे कोणते संकट दडले आहे, हे जाणकारांनी समजावून सांगितले तर बरे होईल.

कार्गो_शेड यांचे उत्तर

ताई, मी विमानाच्या मालवाहतुकीत धोकादायक माल तपासून स्वीकारण्याचे काम करतो. आमच्याकडे या मालाला नुसते 'डीजी', म्हणजे डेंजरस गुड्स, म्हणतात. आपल्याला मिळालेले उत्तर तुटक होते हे खरे, पण त्या कर्मचाऱ्याने जे केले ते बरोबर होते.

विमानातून काय न्यावे आणि काय नेऊ नये, हे एखाद्या विमानतळाच्या मर्जीवर ठरत नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो कराराचे अठरावे परिशिष्ट धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीविषयी आहे आणि त्याच्या आधारे इकाओ ही आंतरराष्ट्रीय संघटना तांत्रिक सूचनांचा एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करते. भारतात २००३ साली केलेल्या नियमांनी या सूचना लागू झाल्या असून त्यांवर देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची असते. स्फोटकांपासून बॅटऱ्यांपर्यंत सगळ्या धोकादायक मालाचे यात नऊ वर्ग पाडलेले आहेत. प्रवाशांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या नऊ वर्गांतली एखादी वस्तू मुभा दिलेल्या वस्तूंच्या यादीत नसेल, तर ती बॅगेतून नेता येत नाही. तिच्यावर वेगळी बंदी असावी लागत नाही.

सुके खोबरे चौथ्या वर्गाच्या दुसऱ्या उपवर्गात येते. आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा हा उपवर्ग असून संयुक्त राष्ट्रांच्या यादीत खोबऱ्याचा क्रमांक १३६३ आहे. खोबऱ्यात निम्म्याहून अधिक तेल असते. नीट वाळवलेल्या खोबऱ्यातला ओलावा सहा टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. तो जास्त राहिला तर त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्या वाढीतून उष्णता निघते, त्या उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊ लागते आणि त्यातून आणखी उष्णता बाहेर पडते. हवा खेळती असेल तर ती निघून जाते, पण पोत्यांच्या थप्पीत ती कोंडून राहते आणि ढिगाचा गाभा तापत जातो. जहाजांच्या पोटात खोबऱ्याच्या राशी अशा तापून पेटण्याचा अनुभव खलाशांना फार जुना आहे. पावसाळ्यात डब्यात राहिलेली वाटी आतून पिवळी पडते आणि तिला खवट वास येतो, तेव्हा आपण याच प्रकाराची थंड आणि निरुपद्रवी सुरुवात पाहत असतो. स्वयंपाकघरात ती निरुपद्रवी राहते, कारण तिथे वाट्या चार-सहाच असतात आणि डबा रोज उघडला जातो.

आपल्या सहा वाट्यांनी विमान पेटले असते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण स्कॅनरवर बसलेल्या माणसाला वाटीतला ओलावा मोजता येत नाही आणि त्याच विमानात आणखी किती जणांनी किती खोबरे भरले आहे हेही त्याला ठाऊक नसते, त्यामुळे नियम वाटी पाहून न ठरता पदार्थ पाहून ठरतो. काही विमान कंपन्या खोबऱ्याचे तुकडे चेक-इनमध्ये चालवून घेतात, काही तेही घेत नाहीत. म्हणून आपल्या कंपनीची यादी आधी पाहावी. कापराचा मामला याहून सरळ आहे. उघड्या वाटीत ठेवलेला कापूर काही दिवसांत नाहीसा होतो, म्हणजे त्याची सतत वाफ होत असते आणि ती वाफ ज्वलनशील असते. तो ज्वलनशील घन पदार्थांत मोडतो आणि दोन्ही बॅगांत वर्ज्य आहे.

आता पॉवर बँक. नियम वस्तू किती धोकादायक आहे एवढेच विचारत नाही, तर ती पेटली तर तिच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचेल हेही विचारतो. लिथियम बॅटरीचा एक सेल बिघडून तापू लागला की शेजारचा सेल तापतो आणि ही साखळी काही क्षणांत पुरी होते. याला थर्मल रनअवे म्हणतात. हे केबिनमध्ये घडले तर वास येतो, धूर दिसतो, शेजारचा प्रवासी ओरडतो, आणि प्रशिक्षण घेतलेली हवाई सेविका अग्निशामक घेऊन काही सेकंदांत तिथे येते. तेच सामानाच्या कप्प्यात घडले तर तिथे उड्डाणात कोणी जाऊ शकत नाही. त्या कप्प्यात धूर ओळखणारी यंत्रणा आणि आग विझवणारा हॅलॉन वायू असतो हे खरे, पण हॅलॉन ज्वाळा विझवतो, तापलेला सेल थंड करत नाही. शेजारच्या बॅगेत डिओडरंटचा डबा असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून सुटी बॅटरी आणि पॉवर बँक नेहमी केबिनमध्येच जाते.

तिलाही मर्यादा आहे. १०० वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर हे बॅटरीत साठवलेल्या ऊर्जेचे माप) चालते, १०० ते १६० मधली विमान कंपनीच्या परवानगीने जास्तीत जास्त दोन, आणि त्याहून मोठी अजिबात नाही. बहुतेक पॉवर बँकांवर ठळक अक्षरांत एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, लिहिलेले असते. त्याला हजाराने भागून ३.७ ने, म्हणजे आतल्या सेलच्या व्होल्टने, गुणावे. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, २७,००० म्हणजे जेमतेम १०० आणि ३०,००० म्हणजे १११. पुष्कळ लोक यूएसबीचे ५ व्होल्ट धरून गुणाकार करतात आणि आपली चांगली पॉवर बँक घरी ठेवून येतात.

खोबरे हँडबॅगेतही चालत नाही, ते पेट घेण्याच्या त्याच कारणामुळे. अख्ख्या नारळाला हँडबॅगेत मनाई असते, तिचे कारण मात्र आगीत नसून सुरक्षेत आहे. अख्खा कडक नारळ फेकून मारता येतो, म्हणून नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. म्हणूनच त्या बाजूने सूट देणे शक्य होते. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या सामानाच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली होती आणि ती २० जानेवारी २०२५ पर्यंत होती. तो नारळही एक्स-रे आणि हातांनी झालेल्या तपासणीनंतरच आत जात असे.

काजूची_बाग यांची शंका

उत्तर पटण्यासारखे आहे, पण अनुभव वेगळा आहे. मी दोन वेळा दोन निरनिराळ्या विमानतळांवरून पिशवीभर खोबरे चेक-इनमध्ये नेले आणि कोणी विचारलेसुद्धा नाही. नियम पदार्थ पाहून ठरतो, तर तो माझ्या बॅगेच्या वेळी कुठे गेला होता? शिवाय आम्ही गोव्याची माणसे मुंबईच्या नातेवाइकांना फेणी नेतो. ती तर काडी लावली की पेटते. ती कशी चालते?

कार्गो_शेड यांचे उत्तर

आपले खोबरे सुटले, कारण पडद्यावर ते त्या दिवशी कोणाच्या नजरेत आले नाही. पुढच्या वेळी ते सुटेलच असे समजू नये.

फेणीचे उत्तर मुभांच्या यादीत आहे. २४ टक्क्यांहून अधिक आणि ७० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेले पेय प्रत्येक प्रवाशाला पाच लिटरपर्यंत नेता येते, मात्र ते दुकानातल्या मूळ बाटलीत असायला हवे. सीलबंद काजू फेणी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात असल्याने ती यात बसते. पाण्याच्या जुन्या बाटलीत भट्टीवरून भरून आणलेली फेणी चवीला कितीही सरस असली तरी बसत नाही, कारण तिचे बूच गळते आणि तिच्यात किती टक्के काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अबकारी खात्याच्या मर्यादा याहून वेगळ्या असतात, त्या आपण पाहाव्यात.

निवृत्त_टेंडर यांचे उत्तर

मी विमानतळाच्या अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे. वरच्या उत्तरांत विमानाच्या पोटातली बाजू आली, म्हणून जमिनीवरची बाजू मी लिहितो.

धावपट्टीच्या कडेला पिवळसर किंवा लाल रंगाच्या ज्या अवाढव्य गाड्या उभ्या असतात, त्यांना आम्ही क्रॅश फायर टेंडर म्हणतो. धोक्याची घंटा झाल्यापासून पहिली गाडी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत, आणि जमल्यास दोन मिनिटांत, पोहोचली पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नुसते पोहोचून भागत नाही. तिथे उभे राहून ठरलेल्या वेगाच्या निदान निम्म्या वेगाने फोम मारायला सुरुवात झाली, तरच ती पोहोचली असे धरले जाते. एवढी घाई असते, कारण विमानाखाली इंधनाचे तळे पेटले तर ॲल्युमिनियमचा पत्रा मिनिटाभरात वितळून आग आत शिरू शकते. कोणत्या विमानतळावर किती गाड्या आणि किती पाणी हवे, हे विमानतळाच्या अग्निशमन श्रेणीवर अवलंबून असते आणि ती श्रेणी तिथे उतरणाऱ्या विमानांच्या लांबी-रुंदीवरून ठरते. ए-३२० या विमानासाठी सहावी श्रेणी लागते आणि तिला ७,९०० लिटर पाणी पुरते, तर ए-३८० साठी दहावी श्रेणी लागते आणि तिथे पाण्याचा आकडा ३२,३०० लिटरवर जातो. श्रेणी राखता आली नाही, म्हणजे एखादी गाडी नादुरुस्त झाली, तर ते वैमानिकांना कळवावे लागते आणि मोठी विमाने दुसरीकडे वळवण्याची वेळ येऊ शकते. माझ्या नोकरीत पंपाचा एक साधा व्हॉल्व्ह अडकल्यामुळे सबंध पाळीची झोप उडाल्याचे मला चांगले आठवते.

प्रवाशांना न दिसणारा सर्वांत नाजूक क्षण इंधन भरण्याचा असतो. जेट विमानाचे इंधन, ज्याला आपल्याकडे एटीएफ म्हणतात, ते ३८ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. नागपूरच्या मे महिन्यात हवाच त्याच्या वर गेलेली असते आणि ॲप्रनचे, म्हणजे विमाने उभी राहतात त्या आवाराचे, काँक्रीट त्याहून तापलेले असते. नळीतून वेगाने वाहणाऱ्या इंधनात स्थिर विद्युत साठते, म्हणून नळी जोडण्यापूर्वी इंधनाची गाडी आणि विमान एका तारेने जोडून घेतात. त्याला बॉण्डिंग म्हणतात. भरणाऱ्या माणसाच्या मुठीत एक दांडा असतो, त्याला डेडमॅन म्हणतात. तो चक्कर येऊन पडला किंवा पळाला, मूठ सुटली, की इंधन थांबते. आपण आत बसलेले असताना इंधन भरायचे झाले तर पट्टे सोडून ठेवा अशी घोषणा होते, आणि आमच्या प्रवाशांपैकी निम्मे ती ऐकून उलट पट्टे आवळतात. पट्टा सोडायचा तो पळता यावे म्हणून. पायऱ्या किंवा एरोब्रिज लागलेला असतो, दारात कर्मचारी उभे असतात आणि वाटेत बॅगा ठेवलेल्या चालत नाहीत, तेही त्याचसाठी.

ताईंच्या पॉवर बँकेला धरून एक प्रसंग सांगतो. दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर २८ जानेवारी २०२५ रोजी एअर बुसानचे विमान उड्डाणाच्या तयारीत उभे असताना मागच्या बाजूच्या, डोक्यावरच्या सामानकप्प्यात आग लागली. विमानातले सर्व १७६ जण बाहेर पडले, विमानाचे छप्पर मात्र जळून गेले. तपासकर्त्यांचा संशय एका पॉवर बँकेवर गेला. मग १ मार्चपासून तिथल्या सरकारने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. ती अंगाजवळ किंवा समोरच्या खिशात ठेवायची. म्हणजे केबिनमध्येसुद्धा, हात पोहोचेल आणि डोळ्यांना दिसेल अशाच जागी. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नये, सेविकेला बोलवावे, हेही यातच आले. चेपलेली बॅटरी तापू शकते. पेटलेल्या बॅटरीवर ज्वाळा विझल्यानंतरही पाणी ओतत राहायचे असते, कारण ती थंड होईपर्यंत पुन्हा पेटू शकते.

आग डोळ्यांआड लागली की काय होते, याचे टर्मिनलमधले उदाहरण जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचे आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी टर्मिनलच्या वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होते. त्याचा तप्त रस सांध्यातून खाली झिरपला आणि छताच्या पोकळीतल्या पॉलिस्टायरीनच्या थराने पेट घेतला. खाली फिरणाऱ्या लोकांना काही कळण्यापूर्वी वर आग पसरली होती. १७ माणसे दगावली आणि त्यांतली काही लिफ्टमध्ये अडकली होती. विमानतळावर आज कोणाला साधी वेल्डिंगची कांडी पेटवायची असली तरी परवाना घ्यावा लागतो, शेजारी अग्निशामक ठेवावा लागतो आणि काम संपल्यावरही काही वेळ माणूस तिथेच राखण करत बसतो. कंत्राटदार या परवान्याला फार नावे ठेवतात. मी सही करताना त्यांच्या तोंडाकडे पाहत नसे.

पुणेरी_प्रवासी यांचा पुढचा प्रश्न

आपणा दोघांचे मनापासून आभार. खोबऱ्याचा राग आता राहिलेला नाही. बंगळुरूच्या बाजारात दुसऱ्या दिवशी वाट्या मिळाल्या आणि ओटी वेळेत भरली गेली. पण हे वाचताना एक वेगळीच काळजी उभी राहिली. माझ्या वडिलांना श्वासाचा त्रास असून घरी त्यांना लहान सिलिंडरवर प्राणवायू द्यावा लागतो. बाळाच्या बारशाला त्यांनाही न्यायचे आहे. प्राणवायू स्वतः जळत नाही असे शाळेत शिकलो होतो. मग तो नेता येईल का?

कार्गो_शेड यांचे उत्तर

ताई, प्राणवायू जळत नाही, पण दुसऱ्या कोणत्याही आगीला तो भडकवतो, आणि आमच्या कामात प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी जी दुर्घटना शिकवतात ती याच वायूची आहे. ड्युसेलडॉर्फच्या आगीनंतर बरोबर एक महिन्याने, ११ मे १९९६ रोजी, व्हॅल्यूजेट कंपनीचे ५९२ क्रमांकाचे विमान मायामीहून उडाले आणि दहाएक मिनिटांत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. त्यातले ११० जण सर्व मृत्युमुखी पडले. दुसऱ्या विमानांतून काढलेल्या, मुदत संपलेल्या रासायनिक प्राणवायू जनित्रांचे, म्हणजे चाप ओढला की रासायनिक क्रियेने प्राणवायू सोडणाऱ्या आणि त्या वेळी खूप तापणाऱ्या नळकांड्यांचे, खोके त्याच्या पुढच्या सामानकप्प्यात टाकले होते. त्यांच्या चापांवर सुरक्षेच्या टोप्या बसवलेल्या नव्हत्या, आणि कागदावर मात्र ते रिकामे असल्याची नोंद होती. त्या कप्प्यात धूर ओळखायची सोय नव्हती आणि आग विझवायचीही नव्हती, कारण हवाबंद कप्प्यात आग गुदमरून आपोआप विझेल असा त्या काळचा हिशेब होता. जनित्रांनी आगीला लागणारी हवा स्वतःच पुरवली. पुढे अमेरिकेत अशा कप्प्यांत दोन्ही यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले.

वडिलांच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही, फक्त घरचा सिलिंडर परस्पर बॅगेत भरू नये. आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार पाच किलोपर्यंत वजनाचा प्राणवायूचा सिलिंडर विमान कंपनीच्या परवानगीने नेता येतो, परंतु पुष्कळ कंपन्या अशी परवानगी देत नाहीत. द्रवरूप प्राणवायूचे उपकरण कोणीच घेत नाही. त्यापेक्षा सोपा मार्ग पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा आहे. त्यात साठवलेला वायू नसतो, ते यंत्र केबिनमधल्या हवेतूनच प्राणवायू वेगळा करते, म्हणून नियमांच्या दृष्टीने ते बॅटरीवर चालणारे एक उपकरण ठरते. हे यंत्र भाड्यानेही मिळते. तिकीट काढतानाच कंपनीला कळवून त्यांचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा आणि यंत्राचे मॉडेल त्यांना चालते का हे लेखी विचारून ठेवावे. बहुतेक कंपन्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या बरोबर असाव्यात असा आग्रह धरतात. तो वेळ मोजताना नुसते उड्डाण न धरता घरून निघाल्यापासूनची रांगही धरावी. जादा बॅटऱ्या प्रत्येकी वेगळ्या पिशवीत, टोकांवर चिकटपट्टी लावून, हँडबॅगेतच ठेवाव्यात. आणि विमानतळावर ऐनवेळी कोणी ती हँडबॅग चेक-इनला द्यायला सांगितली, तर देण्यापूर्वी बॅटऱ्या आठवणीने बाहेर काढाव्यात.